डावा गुडघा

तिस्क-उसगावला, जुन्या वजनकाट्यामागे,
कायतानच्या गॅरेजात
तीन दिवस माझा ट्रक उभा आहे,
केबिन पुढे कलंडून,
न्हाताना कुणी मान खाली घालावी तसा.

फळीवर दोन टर्बो.
एक सोललेल्या नारळाएवढा,
एक असोल्या नारळाएवढा.
मी बोट लावलं तर आतलं चाक गरकन फिरलं,
आवाजसुद्धा नाही.

मी असोल्यालाच हात घातला.
खाणी बंद झाल्यापासून
काहीतरी मोठं हवंच होतं मला.
सगळ्यांनी टिपर भंगारात दिले,
मी एक ठेवला, त्याचा हौदा उतरवला,
आता लोकांची पोकलेनं
अनमोड घाटातून वर पोचवते.

कायतान हात पुसत म्हणाला,
"बाय, हो व्हडलो उशिरा येता."
इंजिन दोन हजारांवर गेलं की मग जागा होतो,
पंगत उठल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखा.
"आणि तू वळणावर बाराशेवर रांगतेस.
तेव्हा तुला कोण आहे?"

मग त्यानं गोणपाटावर
जुनी क्लच प्लेट टाकली.
कडेला निळी, मध्ये जांभळी,
अस्तर झिजून रिव्हेटा वर आलेल्या.
तो वास मला माहीत होता.
त्या रात्री घाटात काटा चढत गेला,
गाडी नाही.
इंजिन ओरडत होतं
आणि चाकांना ऐकू जात नव्हतं.
फोंड्याच्या एका पोरानं
पंपाचा स्क्रू दीड फेरा पिळला होता.
माझ्याच सांगण्यावरून. हे मी कायतानला सांगितलं नाही.
त्यानं विचारलंही नाही.

"ताकद आण गो, हवी तेवढी आण.
ती धरणार कोण, ते आधी बोल."

एक प्लेट होती सिरॅमिकची.
सहा बटणं, चकचकीत, दातांसारखी.
चावली की सोडत नाही म्हणाला.
मला आवडली.
मी रक्कमसुद्धा वहीत लिहिली.

नवसो टायरवर बसून होता, गप्प.
बाहेर शिरोड्याच्या एकाची गाडी उभी,
तिच्यात तीच प्लेट.
कायताननं त्याला नुसतं हातानं खुणावलं.
नवसो चढला, पेडल दाबलं.
एकदा.
दुसऱ्यांदा.
तिसऱ्यांदा त्यानं
दोन्ही हातांनी मांडी धरून पाय खाली ढकलला
आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

बावीस वर्षं.
आधी बाबांच्या, मग माझ्या वहीत
डिझेल, टायर, ग्रीस, पासिंग, चिरीमिरी,
सगळ्याला रकाना.
सावर्ड्याहून कापशेच्या धक्क्यापर्यंत
लाल धुळीत ट्रकांची रांग,
दर दहा पावलांना एक क्लच,
दिवसाला चार खेपा.
हा गुडघा कुठल्या रकान्यात होता?

मी सिरॅमिक खोडलं.
दोन प्लेटींचा सेट घेतला, मऊ अस्तराचा,
धरणार दुपटीनं, पेडल मात्र हलकं.
आणि टर्बो धाकटा,
बाराशेवरच जागा होणारा.
मोठ्याचे वाचले ते सगळे प्लेटींत गेले,
वर अकरा हजार.
फ्लायव्हील घासायला कुंडईला धाडलं.
घासाघीस मी फक्त फ्लायव्हीलच्या भाड्यावर केली,
सवय म्हणून.

रविवारी रिकामी गाडी मोल्यापर्यंत काढली.
शिट्टी लवकर आली, बारीक,
चहाच्या किटलीसारखी.
नाक्यावर गाड्यांची रांग.
मी बाजूला बसून मोजत होते,
डावा पाय खाली, वर, खाली.
एकोणचाळीस झाले.

नवसो समोर बघत म्हणाला,
"मोजू नका, बाई.
मोजलं की दुखतं."